डावा खांदा

वडगावच्या आमच्या माग-खोलीत आता माग नाही.
त्याचे पाय होते तिथं फरशीवर चार फिकट चौकोन.
त्यातल्या खिडकीजवळच्या चौकोनात
गुंडी झोपते.

छातीवर काळा गोल ठिपका, म्हणून गुंडी.
शेजारची नीलव्वा कन्नडमधून हाक मारते, तीही गुंडीच,
अर्थही तोच, सदऱ्याची.
आई निम्मी मुधोळ. बाप कोण
ते येळ्ळूर रोडला ठाऊक.

पट्टीहाळ सर, पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त,
रविवारी येतात, खिशात उकडलेल्या कलेजीचे तुकडे.
म्हणाले, बारा खांब. दोन खांबांत चोवीस इंच.
पहिला खांब तिच्या डाव्या खांद्याला घासून गेला पाहिजे.
उजव्या खांद्याला गेला
की परत पहिल्यापासून.

भात कापलेल्या शेतात मी पाइप रोवले.
आप्पा बांधावर तंबाखू मळत.
चौतीस वर्षं चालवलेला माग त्यांनी दिवाळीनंतर किलोवर विकला,
आणि पैसे मोजताना दोनदा चुकले.
"कुत्रं हाय ते. राखण करंल. सर्कस कशाला?"

गुंडीनं पहिला खांब उजवीकडून घेतला.
मग तिसरा गाळला.
मग कसलासा वास आला आणि सरळ
धामण्याच्या दिशेनं सुटली, कान मागे, पोट जमिनीला,
मी "थांब थांब थांब" करत ढेकळांतून पडत.

पलीकडच्या शेतात मेंढरं बसवलेली.
केंचप्पानं काठी आडवी धरली, हळूच म्हणाला, "निल्लु."
ती निलली. म्हणजे बसलीच,
शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलीसारखी.
चार महिने मी ज्या शब्दासाठी कलेजी संपवली
तो तिला दुसऱ्याच भाषेत येत होता,
असं मला वाटलं, आणि रागही आला.

"भाषा नव्हं," आप्पा आल्यावर म्हणाले, "त्यो हलला न्हाई.
तू किती हलतीस बघ."

मग ते उठले. कमरेची दोरी सोडली,
पहिल्या खांबापासून शेवटच्यापर्यंत ताणली,
एक डोळा मिटून पाहिलं.
"पाचवा बाहेर आलाय. फणीत एक घर चुकलं
की कापडभर रेघ दिसतीया."
खांब उपटला, बोटभर आत रोवला.
आणि टाळी वाजवायला लागले:
खट् खट्, खट् खट्,
तोंडात तंबाखू, नजर जमिनीवर.

त्या तालात ती आत गेली.
डावीकडून.
इकडून बाहेर, तिकडून आत, पाठीचा कणा दोऱ्यासारखा,
शेपटी प्रत्येक खांबाला चाटून.
धोटा असा जायचा.
आप्पांनी हे म्हटलं नाही, मीही नाही.

फेब्रुवारीत कॅम्पातल्या मैदानावर स्पर्धा.
मांडवात लाउडस्पीकर आधी कन्नड, मग मराठी, मग नुसता खरखर.
पुण्याहून आलेली कुत्री गाडीतून उतरली
ती स्वतःच्या गाद्या घेऊन.
आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दोरीमागं उभे,
गळ्याजवळची गुंडी निखळलेली.

झोपाळ्याची फळी आपटली तेव्हा ती दचकली, तरी पुढं गेली.
बोगदा. अडथळा. पिवळ्या पट्ट्यावर पाय, बरोबर.
मग खांब.
डावा खांदा.
एक, दोन, मी गप्प. सात, मी गप्प.
नऊ. दहा. अकरा,
आणि माझा हात आनंदानं वर गेला.

तिनं हात पाहिला.
बारावा सोडून ती माझ्याकडं आली,
काम चोख झाल्याच्या तोंडानं.

परतताना रिक्षात कोणी बोललं नाही.
सरांनी उरलेली कलेजी तिला देऊन टाकली होती,
ती माझ्या मांडीवर ढेकर देत पडली.
"बेस पळाली," आप्पा गोवावेसजवळ म्हणाले.
मग आरपीडीच्या चौकात, बऱ्याच वेळानं:
"खरं, तू."

सकाळी शेतावर गेले तर खांब मोजून तेरा.
शेवटचा पाइप नव्हता, मागाचा जुना लाकडी दांडा,
विकायचा राहिलेला, किंवा ठेवलेला.

"तेरावा कशाला, आप्पा?"

"तू बाराव्याला हात उचलतीस म्हणून."